अक्कांच्या आरामाची जागा

चार माणसं रोज सकाळी एकाच तलावाभोवती एकाच दिशेने फिरत असली, तर त्यांच्याकडे सांगण्यासारखं फारसं काही नसावं. आमचं उलटं झालंय. मेहरूण तलावावर आम्ही गेली अकरा वर्षं फिरतो, आणि दर दोन-चार महिन्यांनी आमच्यातलं कुणीतरी काहीतरी करून ठेवतं. हे किस्से मुद्दाम कुणी जमवत नाही. एकाने सांगायचं, दुसऱ्याने त्यात दुरुस्ती करायची, तिसऱ्याने "असं झालंच नव्हतं" म्हणायचं, की किस्सा पक्का झाला. मागच्या हिवाळ्यात तर एकाच विषयावर इतके जमले, की ते एकदा ओळीने सांगून टाकावेत असं वाटलं.

चौघं म्हणजे कोण, ते आधी सांगते. नाना भुसावळचे, रेल्वेत गार्ड होते, आता निवृत्त होऊन मुलाकडे जळगावला असतात. सलीमभाईंचं गादीघर आहे. जळगावातली अर्धी लग्नं त्यांच्या गाद्यांवर झोपली आहेत असं ते स्वतःच सांगतात. पुष्पाअक्कांचं घर मेहरूणला, केळीची शेती असोद्याला आणि माहेर धुळ्याकडचं, त्यामुळे बोलणं अजून अहिराणी. आणि चौथी मी. शाळेत चित्रकला शिकवते म्हणून सगळे मला बाई म्हणतात. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठ्या असलेल्या अक्कासुद्धा.

०

सुरुवात अक्कांपासून झाली. एके दिवशी दुसऱ्या फेरीला त्या चालता चालता थांबल्या आणि तिथेच खाली बसल्या. त्यांना चक्कर आली होती. तोंड पांढरं पडलेलं, हात गार. सलीमभाईंनी रिक्षा आणली, मी त्यांना धरून बसवलं, नानांनी किती वाजता चक्कर आली ते लिहून घेतलं.

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. काही निघालं नाही. साखर ठीक, प्रेशर ठीक, हृदय ठीक. मग त्यांनी अक्कांना विचारलं, की तुम्ही शेवटची सुट्टी कधी घेतली होती. अक्कांनी बराच विचार केला आणि सांगितलं, की धाकट्याच्या बाळंतपणात नऊ दिवस झोपून होते. धाकटा, म्हणजे किशोर, चाळिशीला आलाय.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, ह्यांना आजार नाही, ह्या थकल्या आहेत. आठवडाभर आराम पाहिजे, आणि तो घरी होणार नाही. घराबाहेर कुठेतरी पाठवा. पुढच्या वेळी नुसती चक्कर नसेल, हेही त्यांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं.

बाहेर आल्यावर अक्कांनी चपला घातल्या. मग अगदी मनापासून शंका असावी तशा त्यांनी मला विचारलं,

"बाई, आराम करानं म्हंजे काय करानं?"



०

कुणाच्या तरी मुलीने सुचवलं, की आयुर्वेदिक वेलनेस रिसॉर्टला जा. तेल लावतात, वाफ देतात, हलकं जेवण देतात, आणि काही करू देत नाहीत. हे शेवटचं आम्हाला फार पटलं. एकट्या अक्का जाणार नाहीत हे उघड होतं, म्हणून चौघांनीच जायचं ठरलं. आता निवडायचं कुठलं?

तलावाच्या कट्ट्यावर माझ्या मोबाइलवर वेबसाइटी बघणं सुरू झालं. प्रत्येकाची कसोटी वेगळी. मी खोल्यांचे रंग बघत होते. नाना नकाशा उघडून जवळचं स्टेशन किती लांब ते बघत होते. सलीमभाई गादीचा फोटो मोठा करून कोपरे तपासत होते आणि "स्पंज", "स्पंज", "हा पण स्पंज" म्हणत एकेक रिसॉर्ट बाद करत होते.

अक्का माझ्या खांद्यावरून नुसत्या बघत होत्या. प्रत्येक वेबसाइटवर पहिला फोटो साधारण एकच होता: डोळे मिटून पडलेली एक गोरी बाई, कपाळावर तेलाची धार, केसात पांढरं फूल. कोकणातही तीच, केरळातही तीच, सातपुड्यातही तीच. सातव्या-आठव्या वेबसाइटला अक्कांना राहवलं नाही.

"हाई बाई आजून बरी व्हयनी नही का? जठे दखो तठे झोपेलच शे."

त्या दिवशी निवड पुढे सरकली नाही.

०

मग नाना म्हणाले, फोटोवर जाऊ नका, प्रत्यक्ष बघून येऊ. म्हणून एका रविवारी सलीमभाईंच्या गाडीतून सातपुड्याच्या पायथ्याचं एक रिसॉर्ट बघायला गेलो. अगदी मुलगी बघायला जावं तसे. मॅनेजरने ताक दिलं, बसवलं, मग खोली दाखवली. खोली सुंदर होती. दारावर पाटी होती, की येथील सर्व गाद्या शुद्ध सेंद्रिय कापसाच्या आहेत.

सलीमभाई गादीवर बसले. एकदा उठून परत बसले. मग त्यांनी शिवणीत नख घातलं आणि दोन बोटांनी आतून काहीतरी उपसून मॅनेजरच्या तळहातावर ठेवलं. तो कापूस नव्हता. निळ्या, गुलाबी, पिवळ्या फोमचे तुकडे होते.

मॅनेजर बिचारा खरंच शरमला. त्यालाही माहीत नव्हतं. त्याने सलीमभाईंना विचारलं तुम्ही काय करता, सलीमभाईंनी सांगितलं, आणि पुढचा पाऊण तास आम्ही तिघं बाहेर झोपाळ्यावर बसून होतो. सलीमभाई आले ते चोवीस गाद्यांची ऑर्डर घेऊन.

मी म्हटलं, चला, जागा ठरली. आता तर गाद्याही चांगल्या असतील. पण सलीमभाई तयार होईनात. परतीच्या वाटेवर त्यांनी कारण सांगितलं. "बाई, मी माझ्याच गादीवर झोपलो तर मला झोप लागत नाही. एखादा टाका चुकलाय का, तेच चाचपत बसतो. घरी मी सतरंजीवर झोपतो."

पहिलं स्थळ असं गेलं.

०

दुसरं स्थळ महामार्गाच्या बाजूला होतं आणि त्याचं सगळं नाव जेवणासाठी. तिथे आम्हाला नमुन्याचं जेवण दिलं. समोर आलं ते केळीच्या पानावर. अक्का खूश झाल्या. मग केळफुलाची भाजी आली, कच्च्या केळीची टिक्की आली, केळीच्या गाभ्याचं सूप आलं. तिथला शेफ स्वतः येऊन एकेका पदार्थाचे गुण सांगत होता आणि अक्का शाळेतल्या मुलीसारख्या मान हलवत होत्या. मला वाटलं, हेच ठरणार.

अक्कांनी सहज विचारलं, की केळी कुठली. असोद्याची की रावेरकडची, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं.

शेफ अभिमानाने म्हणाला, "नाही नाही मॅडम, आम्ही लोकल वापरत नाही. सगळं केरळहून मागवतो."

अक्कांचा घास हातातच राहिला. त्यांनी तो पानावर ठेवला, पान नीट मिटलं, हात धुतले आणि जाऊन गाडीत बसल्या. आम्ही तिघं मागून गेलो. नानांचं सूप अर्धं राहिलं होतं, ते त्यांना अजून आठवतं.

जळगाव येईपर्यंत अक्का एकच वाक्य बोलल्या. "आमनी केळीले काय व्हयनं?" तेही आम्हाला नाही. खिडकीबाहेर दोन्ही बाजूंना बागा होत्या, त्यांना.

०

तिसरं ठिकाण धुळ्याच्या पुढे, साक्रीच्या बाजूला. तिथे नानांनी फोन लावला. पलीकडून एका मुलीचा अतिशय मऊ, संथ आवाज आला आणि मागे बासरी. तिने शुभ सकाळ म्हटलं, नानांचं मन आज कसं आहे ते विचारलं. नानांनी मन बाजूला ठेवून वेळापत्रक विचारलं. सकाळचं तेल किती वाजता, वाफ किती मिनिटं, दोन्हींच्या मध्ये किती वेळ.

ती म्हणाली, "सर, आमच्या इथे घड्याळ नसतं. आम्ही सूर्यासोबत जगतो. तुमचं घड्याळ आणि मोबाइलसुद्धा आम्ही आल्यावर जमा करून घेतो."

नानांनी फोन कानापासून दूर धरला. छत्तीस वर्षं ज्या माणसाने मिनिटामिनिटाची नोंद ठेवून गाड्या नेल्या, त्याला हे सहन होण्यासारखं नव्हतं. "घड्याळ नाही म्हणे," ते आम्हाला म्हणाले. "मग डोक्यावरचं तेल थांबवतात कसं? संपलं की?"

ते फोन ठेवणार, तेवढ्यात अक्कांनी तो हातातून घेतला. त्यांना त्या मऊ आवाजात काहीतरी ओळखीचं ऐकू आलं होतं. त्यांनी सरळ विचारलं, "तू कोन गावनी शे, माय?"

पलीकडे एक क्षण नुसती बासरी वाजली. मग तो मऊ आवाज गेला आणि त्याच्या जागी एक खणखणीत अहिराणी आवाज आला. तिचं नाव वैशाली. गाव अक्कांच्या माहेरापासून चार कोसांवर. पुढची वीस मिनिटं दोघी बोलत होत्या. कोणत्या खोलीत गरम पाणी येतं, कोणत्या खोलीमागे कुत्री भुंकतात, डॉक्टर मॅडम नवीन आहे पण मन लावून बघते, जेवणात मीठ कमी पण भाकरी गरम, सगळं खरं खरं तिने सांगितलं. कोणत्याही वेबसाइटवर हे लिहिलेलं नव्हतं.

अक्कांनी फोन ठेवला आणि म्हणाल्या, ठरलं. नानांनी घड्याळाचं काय म्हणून विचारलं. त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

०

पोचल्या पोचल्या डॉक्टर मॅडमनी प्रत्येकाची प्रकृती ठरवायला घेतली. म्हणजे वात, पित्त, कफ यांतलं काय जास्त आहे ते. चार पानांची प्रश्नावली होती. मी अक्कांच्या शेजारी बसले होते.

पहिला प्रश्न, राग लवकर येतो का. अक्कांनी विचारलं, कुणावर. डॉक्टर म्हणाल्या, कुणावरही. अक्का म्हणाल्या, तसा कुणावरही कसा येईल, नाव सांगा मग सांगते.

पुढचा प्रश्न, भूक कधी लागते. अक्का म्हणाल्या, सगळ्यांची जेवणं झाली की.

पुढचा, स्वप्नात साधारण काय दिसतं, आग, पाणी की आकाशात उडणं. अक्का म्हणाल्या, मजूर आले नाहीत असं दिसतं.

डॉक्टर मॅडम नवीन होत्या, पण हसल्या नाहीत. त्यांनी प्रत्येक उत्तर नीट लिहून घेतलं, मग नाडी बघितली, आणि बराच वेळ हात सोडलाच नाही. शेवटी कागदावर तिन्ही रकान्यांत खूण केली.

बाहेर नाना आणि सलीमभाई थांबले होते. नानांना वात निघाला होता, सलीमभाईंना कफ. त्यांनी अक्कांना विचारलं, तुमचं काय.

"बठ्ठं," अक्का म्हणाल्या. म्हणजे सगळंच. आवाजात थोडा तोरा होता.

०

नानांचं घड्याळ जमा झालं. पहिला दिवस ते मनगट चोळत फिरले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाहेर आले तर अंगणात त्यांनी एक काठी रोवलेली आणि तिच्याभोवती खडे मांडलेले. सावली कुठल्या खड्यावर आली की किती वाजले, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं.

वैशालीने बघितलं आणि हरकत घ्यायला आली. नानांनी शांतपणे तिला तिचंच वाक्य ऐकवलं, की मी सूर्यासोबत जगतोय. ती काठीला वळसा घालून परत गेली.

दुपारपर्यंत स्वयंपाकीण दाराशी येऊन विचारून गेली, की नाना, खिचडी टाकायची वेळ झाली का. वाफ देणारा माणूस विचारून गेला, की आतल्या साहेबांना किती झालं. आतले साहेब सलीमभाई होते. लाकडी पेटीत बसलेले, फक्त डोकं बाहेर. नाना म्हणाले, चार मिनिटं बाकी. सलीमभाईंनी आतून ओरडून सांगितलं, की ढग आलाय, सावली दिसत नसणार, नानांवर विश्वास ठेवू नका.

ढग खरंच आला होता. तो जाईपर्यंत नानांनी त्यांना बाहेर काढू दिलं नाही.

०

आता अक्का. आमच्या सगळ्या खटाटोपाचं कारण त्या, आणि आराम करत नव्हत्या फक्त त्याच.

पहिल्या दिवशी मालिश करणाऱ्या बाईला त्यांनी अर्ध्यात थांबवलं आणि तुझेच खांदे किती आखडलेत म्हणून तिलाच चोळून दिलं. दुसऱ्या दिवशी मौनाच्या तासाला त्या दिसेनात. शोधलं, तर मागच्या औषधी बागेत खुरपं घेऊन निंदणी करत होत्या. त्यांच्या मागे मुंबई-पुण्याच्या चार पाहुण्या, त्याही खाली बसून गवत उपटत होत्या. त्यांना वाटलं, ही कुठलीतरी थेरपी आहे. एकीने मला नंतर सांगितलं, की इतकं शांत तिला कशातच वाटलं नव्हतं, आणि ह्याचं वेगळं बुकिंग करावं लागतं का, असंही विचारलं.

संध्याकाळी डॉक्टर मॅडम माझ्याकडे आल्या. त्यांना खरोखर काळजी वाटत होती. नाडी अजून तशीच आहे म्हणाल्या. ह्या अशाच परत गेल्या तर मी काहीच केलं नाही असं होईल. मला अक्कांची ती दुसरी फेरी आठवत होती, गार पडलेले हात आठवत होते.

"उद्या सकाळी मी स्वतः शिरोधारा देते," त्या म्हणाल्या. "तुम्ही फक्त त्यांना टेबलापर्यंत आणा."

०

तिसऱ्या दिवशी न्याहारीनंतर मी अक्कांना आणलं. लाकडाचं लांब टेबल, वर टांगलेलं तेलाचं भांडं. अक्का आडव्या झाल्या त्या नाइलाजाने. तेलाची धार कपाळावर सुरू झाली तेव्हा त्या सांगत होत्या, की तिसऱ्या प्लॉटच्या ठिबकची एक नळी फुटली आहे आणि किशोरला अजून ती सापडली नसणार. नळी कुठे फुटली आहे ते त्या सांगायला लागल्या. आणि वाक्य अर्ध्यावर राहिलं.

डॉक्टर मॅडमनी माझ्याकडे बघितलं. अक्का झोपल्या होत्या.

तेल थांबवलं, कपाळ पुसलं. उठवायचं नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. बाहेर बातमी गेली. नानांनी दाराशी खुर्ची टाकली आणि तिकडून जाणाऱ्या प्रत्येकाला चपला काढायला लावल्या. सावली काठीखाली आली, पलीकडे गेली. जेवणाची वेळ होऊन गेली. सलीमभाई दोनदा दारातून डोकावून आले आणि पायरीवर बसले. "तीस वर्षं गाद्या शिवतोय," ते म्हणाले. "झोपल्या कशावर, तर फळीवर."

चारच्या सुमाराला किशोर आला. तीन दिवस आईचा फोन नाही, म्हणून तो जळगावहून सरळ गाडी काढून निघाला होता. त्याला वैशालीने सांगितलं, अक्का झोपल्या आहेत. त्याला ते खोटं वाटलं. आजारी आहे का, खरं सांगा, असं म्हणत तो नानांना ओलांडून आत आला आणि टेबलाजवळ थबकला.

मग मला हळूच म्हणाला, "बाई, मी आईला झोपलेली कधी पाहिलीच नाही. मी उठायच्या आधी ती उठलेली, आणि मी झोपलो तरी ती जागीच." त्याचे डोळे भरून आले होते. तो भिंतीला टेकून खाली बसला.

त्याला आत गेलेला बघून नाना आले. नानांच्या मागे सलीमभाई आले. डॉक्टर मॅडम नाडी बघायला आल्या, वैशाली आली, स्वयंपाकीण आली, निंदणीवाल्या चार पाहुण्या आल्या. सगळे अनवाणी, हात पुढे बांधून, टेबलाभोवती उभे. सलीमभाईंनी डोक्यावरची टोपी नीट केली. किशोर खाली बसून डोळे पुसत होता.

तेवढ्यात अक्कांनी डोळे उघडले.

त्यांनी छताकडे बघितलं. मग मान वळवून आमच्याकडे बघितलं, एकेकाकडे. मग खाली बसलेल्या किशोरकडे. त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"कोन गयं?" त्यांनी विचारलं.

नाना म्हणाले, "कुणी नाही, अक्का. तुम्ही झोपला होतात."

अक्कांनी ते ऐकलं. थोडा वेळ त्यावर विचार केला.

"मंग दार लोटी द्या," त्या म्हणाल्या, आणि कुशीवर वळल्या.